सात कुलुपं आणि एक बाटली

सोमवार, ४ मार्च

धाकट्याला आज घरी आणलं. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढले त्याने. निघताना तिथल्या समुपदेशक बाईंनी ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "घरच्यांनीही मनातलं लिहावं, मोकळं वाटतं." मी म्हटलं, "बाई, दारू तो प्यायचा. मला मोकळं वाटायला काय झालंय?" त्या नुसत्या हसल्या. वही मात्र चांगली जाड आहे, म्हणून घेतली.

तर लिहून ठेवते. खाली दुकान, वर घर. बाबांच्या वेळेपासून कुलूप-किल्लीचा धंदा. बाबा गेल्यावर आम्ही दोघं भावंडं. मी कुलुपं विकते, किल्ल्या घासते. धाकटा उघडतो. म्हणजे कुणाची किल्ली हरवली, कुणाची तिजोरी अडकली, की त्याला बोलावणं येतं. दोन वाकड्या तारा आणि त्याची बोटं, बस. पुढे त्या बोटांना ग्लासची सवय लागली. सहा वर्षं कशी गेली ती आमची आम्हाला ठाऊक.

तो यायच्या आत मी घरात सात नवीन कुलुपं बसवली. बाहेरचं दार, स्वयंपाकघरातलं कपाट (त्यात खोकल्याचं औषध असतं), दुकानातलं स्पिरिटचं कपाट, गच्ची, माळा, माझं कपाट, आणि ही वही ज्याच्यात ठेवते तो खण. धाकटा जिना चढला, एकेका कुलपाकडे बघत उभा राहिला.

"ताई, सात?"

"हो, सात."

"उघडायला किती वेळ लागेल सांगू?"

"नको सांगूस."

"चौदा मिनिटं. स्वयंपाकघरातलं जरा कडक आहे."

मला हसू आलं, आणि मग हसल्याचा राग आला. कुलूपवाल्यापासून कुलूप लावून वस्तू लपवायची म्हणजे खुळेपणा, हे मला समजत नाही असं नाही. पण माझ्या हातात दुसरं आहे काय? मला कुलूप लावता येतं, म्हणून मी कुलूप लावते.

भावजय लेकीला घेऊन माहेरी आहे. ऑफिसातून तिला लांबच्या शाखेत बदली मिळतेय. हो की नाही, ते १५ एप्रिलला कळवायचंय. मला स्पष्ट म्हणाली, "ताई, तोवर तो नीट राहिला तर मी परत येते. नाहीतर चिमणीला घेऊन जाते, मग आमची वाट बघू नका." चिमणी नऊ वर्षांची आहे. ती गेली तर धाकटा सावरायचा नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

पण ती जाणार नाही. मी आहे ना.


गुरुवार, ७ मार्च

त्याचे हात अजून थरथरतात. आज एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बॅगेचं कुलूप, अगदी साधं, पण तार आत जाईना. तीनदा घसरली. चौथ्यांदा मी तार त्याच्या हातातून काढूनच घेतली आणि म्हटलं, "त्याला ताप आहे हो, दोन दिवसांपासून." गृहस्थ म्हणाले, "अरेरे, मग आराम करा की." धाकटा उठला. आत जाऊन बसला.

हे ताप येण्याचं मी गेली सहा वर्षं सांगतेय. गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, भावजयीला, चिमणीच्या शाळेत. एवढा ताप खरंच आला असता तर माणूस जिवंत राहिला नसता. पण आपल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नसतं.


रविवार, १० मार्च

केंद्रात दर रविवारी बैठक असते. पेशंट आणि घरचे, सगळे गोल खुर्च्या टाकून बसतात. एका ड्रायव्हरची बायको माझ्या शेजारी होती. म्हणाली, "मी पण बाटल्या मोजायचे, कपाटं हुंगायचे. शेवटी नवरा सुधारला, पण माझं हुंगणं काही सुटेना." सगळे हसले. मी नाही हसले. माझ्याकडे बघून का बोलली ती?

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही भावाला विचारलंत का, त्याला तुमच्याकडून काय हवंय?"

विचारायचं काय त्यात? लहानपणापासून मीच ओळखते त्याला.


बुधवार, १३ मार्च

आज एक काम फत्ते केलं. सकाळपासून डोक्यात घोळत होतं.

आमच्याकडे दुरुस्त केलेलं कुलूप गिऱ्हाइकाला लगेच देत नाहीत. बाबांची पद्धत: मागच्या खोलीत हुकाला अडकवायचं, त्याला वजन टांगायचं, तीन दिवस ठेवायचं. टिकलं तर दुरुस्त झालं. नाहीतर परत खोलायचं. मग धाकटा खरोखर दुरुस्त झालाय की नाही हे मला १५ एप्रिलच्या आत कळायला नको? भावजयीला मी कशाच्या जोरावर शब्द द्यायचा?

म्हणून दारूच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. रांगेत सगळे पुरुष आणि मध्ये मी, हातात भाजीची पिशवी. "कुठली देऊ?" विचारलं दुकानदाराने. मी म्हटलं, "कुठलीही, लहान." वळते तर काय, समोरच्या फुटपाथवर आमच्या शेजारची पडदेवाली उभी! डोळे विस्फारून बघत होती. मी म्हटलं, "औषधाला हवी होती." ती म्हणाली, "हो हो, असू दे." तेवढ्याने माझ्या कानापर्यंत आग गेली. पण भावासाठी करायचं तर लाजून कसं चालेल.

बाटली बाबांच्या तिजोरीत ठेवली. ही तिजोरी मागच्या खोलीत आहे. तिची किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. किल्लीशिवाय ती उघडू शकेल असा माणूसही एकच. तो जर त्या बाटलीपर्यंत गेला नाही, तर पास.

सीलबंद बाटली ठेवण्यात अर्थ नव्हता, परीक्षा कशी खरी हवी. म्हणून सील फोडलं, पातळी लेबलच्या वरच्या कडेला येईल एवढी दारू मोरीत ओतून टाकली आणि कानशीने काचेवर बारीक रेघ ओढली. ओतताना थोडी ॲप्रनवर सांडली, कसला तो वास! ॲप्रन धुवायच्या बादलीत टाकला. मग तिजोरीच्या किल्लीच्या भोकात मेणाचा पातळ पापुद्रा चढवला. हीपण बाबांचीच युक्ती. कुणी तार घातली की मेण फुटतं.

बाबा असते तर शाबासकी दिली असती.


शनिवार, १६ मार्च

मेण जसंच्या तसं. रोज सकाळी मागच्या खोलीत जाते, दार लावून घेते, मेण बघते, किल्लीने तिजोरी उघडून रेघ बघते, परत मेण लावते. तीन दिवस झाले. कुलूप असतं तर आज देऊन टाकलं असतं. पण माणूस आहे, जरा जास्त टांगून ठेवावा.


बुधवार, २० मार्च

धाकट्याचं वागणं बदललंय. केंद्रात त्यांना स्वतःचे कपडे धुवायची सवय लावतात, तर हा आता माझेही धुतो. गेल्या आठवड्यात माझा ॲप्रन हातात धरून बादलीपाशी नुसता उभा. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणे, "काही नाही. साबण संपत आलाय."

चहा आता तोच करतो. सकाळी माझ्या तोंडाकडे बघत कप देतो. "ताई, झोप लागते ना नीट?" मी म्हटलं, "लागते. तुझी लागते का ते सांग." काल म्हणाला, "तुला कधी काही बोलावंसं वाटलं तर बोल. मी काही मनावर घेणार नाही." घ्या! हे मी त्याला म्हणायचं की त्याने मला?

आणि आज स्वयंपाकघरातल्या कपाटातून खोकल्याचं औषध गायब. कुलूप शाबूत. विचारलं तर सरळ कबूल केलं, "मी उघडून ओतून टाकलं. घरात नकोच ते. दोघांनाही नको."

दोघांनाही म्हणजे? मला काय खोकला येत नाही?


मंगळवार, २६ मार्च

मेण बदललंय!

आज उजेड चांगला होता म्हणून दिसलं. मी लावते ते पांढरं, दुकानातल्या मेणबत्तीचं. भोकात होतं ते पिवळट. म्हणजे त्याने तार घातली, तिजोरी उघडली, आणि वरून दुसरं मेण चढवून ठेवलं. पोरगा बाबांचाच. किती दिवस चाललंय हे, देव जाणे.

बाटली जागेवर. दारू रेघेवर. मला काही केल्या समजेना. उघडतो कशाला मग? पाणी घालून बरोबरी केली असेल! भिंग लावून बघितली, हलवून बघितली, हातावर दोन थेंब घेऊन चोळले. शेवटी झाकणभर ओतून चाखली. आई गं! घशातून पोटापर्यंत निखारा गेला. पाणी घातलेली असेल तर इतकी जळजळेल का, की पाणी नसलेली याहून जळजळते? मला कुठला अनुभव. म्हणून अजून एक झाकण चाखलं. समजलं काहीच नाही, खोकून खोकून जीव गेला तेवढा, आणि दारू रेघेच्या खाली गेली ती वेगळीच.

तोंडात पेपरमिंट टाकून बाहेर आले. धाकटा काउंटरवर किल्ली घासत होता. माझ्या गालातली गोळी बघितली त्याने आणि हातातली कानस खाली ठेवली. "ताई, पेपरमिंट?" मी म्हटलं, "घसा बसलाय."  त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी गेल्याची बातमी आली असावी.

पकडला गेला, म्हणून असेल.


गुरुवार, २८ मार्च

आज मात्र ऊर भरून आला. पलीकडच्या शाळेत परीक्षेचे पेपर ठेवलेलं लोखंडी कपाट, आणि किल्ली आत मोडलेली. परीक्षा अर्ध्या तासावर. मुख्याध्यापिका स्वतः धावत आल्या. धाकटा गेला, मीही मागे गेले. गुडघ्यावर बसला, तार घातली. मी त्याच्या हाताकडेच बघत होते. एकदाही हलला नाही. दहा मिनिटांत मोडका तुकडा बाहेर आणि कपाट उघडं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर्जन आहात तुम्ही." चहाला थांबा म्हणत होत्या, तर हा म्हणाला, "नको. ताईला एकटीला दुकानात सोडत नाही मी हल्ली."

पण मी तर तिथेच उभी होते! आणि मला सोडत नाही म्हणजे काय, मी कुणी तान्हं मूल आहे?

असो. पण तो हात. तोच जुना हात.


रविवार, ३१ मार्च

बैठक. आज धाकटा पहिल्यांदा उठून बोलला. म्हणाला, "मी पीत होतो तेव्हा वाटायचं, मी फक्त माझंच वाटोळं करतोय. आता दिसतंय, माझ्या घरातलं एक माणूस माझ्यामुळे आतून मोडलंय. ते कुणाला सांगत नाही, आणि मला विचारायचा धीर होत नाही." आणि रडला. मी पण रडले. बिचारी भावजय, तिची आठवण त्याला किती येते.

मी त्याच्या पाठीवर हात फिरवला तर आणखीच रडला.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. मोठ्या चष्म्यातून फार मायेने बघत होत्या. "तुम्हाला काही सांगायचंय का? सगळ्यांसमोर नको असेल तर मला एकटीला सांगा." मी म्हटलं, "माझं छान चाललंय, बाई. सगळं माझ्या हातात आहे." त्या म्हणाल्या, "हो, बहुतेक जण असंच म्हणतात."

काय बाई आहे!


शुक्रवार, ५ एप्रिल

आजचं आजच लिहिते. आज पहिल्यांदा बाईंचं म्हणणं पटतंय की लिहावं.

सकाळी तिजोरी उघडली. बाटली नाही. मेण नाही, भोक उघडं. आणि धाकटा घरात नाही, दुकानात नाही. फोन काउंटरवर पडलेला.

 मग राग आला. असा राग, की समोर असता तर कानशिलात दिली असती. बावीस दिवस धरलं आणि शेवटी गेलाच! गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आले. पडदेवालीला विचारलं, तर ती म्हणाली, "पिशवी छातीशी धरून चालला होता खरा," आणि माझाच हात दाबून म्हणाली, "तू स्वतःला जप गं." मला ऐकायला वेळ नव्हता.

वर आले आणि भावजयीला फोन लावला. सहा वर्षं मी तिला ताप आहे, ताप आहे सांगत आले. आज म्हटलं, आता नाही लपवायचं. आता खरं बोलायचं. म्हटलं, "तो पुन्हा प्यायला. बाटली घेऊन निघून गेलाय."  ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी आजच बदलीला होकार देते." फोन ठेवला. बाराला दहा कमी होते.

दीडच्या सुमारास धाकटा दारात. घामाने भिजलेला, पाय धुळीने भरलेले. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्याने एक कागद काउंटरवर ठेवला. केंद्रात दाखल व्हायचा अर्ज. वर नाव माझं. वय बावन्न. नाते: बहीण.

"ताई, रागावू नकोस," म्हणाला. "महिलांचा विभाग वेगळा आहे. मी बघून आलो. खिडकीतून झाडं दिसतात. दुकान मी सांभाळतो. रोज भेटायला येईन."

मी अर्ज पुन्हा वाचला. नाव माझंच होतं.

"पडदेवालीने मला त्याच दिवशी सांगितलं," तो म्हणाला. "मग ॲप्रनला वास आला. मी म्हटलं, ताई कुठे लपवेल? घरातल्या सगळ्यात अवघड कुलपाच्या आत. उघडलं तर बाटली, आणि काचेवर रेघ. ताई, रेघ मीपण ओढायचो. आज इथपर्यंतच, उद्या इथपर्यंतच. मग रोज बघायला लागलो. पातळी हलत नव्हती, म्हटलं, झगडतेय बिचारी. आणि त्या दिवशी पेपरमिंट. माझीच गोळी गं ती. रेघेखाली गेलेली बघितली, तरी दहा दिवस धीर धरला, आज मात्र राहवेना. उचलली आणि बाईंकडे घेऊन गेलो."

"बाटली?"

"त्यांच्या टेबलावर आहे."

"एवढ्या लांब? बसने?"

"चालत. झाकण नीट लावत नाहीस तू. रस्ताभर वास येत होता. दोनदा कट्ट्यावर बसलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तुझी होती. माझी असती तर प्यायलो असतो."

मग मी खरं सांगितलं. हुक, वजन, बाबांची पद्धत, मेण, चाखणं, सगळं. तो ऐकता ऐकता पांढराफटक पडला. मला वाटलं हसेल. हसला नाही. "म्हणजे ती माझ्यासाठी होती?" म्हणाला. "तीन आठवडे मी तुझ्यासाठी जीव मुठीत धरून त्या बाटलीसमोर उभा राहिलो, आणि ती तूच माझ्यासाठी आणून ठेवली होतीस? लोखंडाला वजन टांगून बघतात, ताई. मला नाही." माझ्यावर तो कधी असा चढ्या आवाजात बोलला नव्हता. पिऊनसुद्धा नाही. आणि बरोबर होतं त्याचं. मी मान खाली घातली.

मग भावजयीच्या फोनचं सांगावं लागलं. तो खालीच बसला, जमिनीवर.

मी कमरेचा जुडगा सोडला. सगळ्या किल्ल्या, दुकानाच्या, घराच्या, स्पिरिटच्या कपाटाच्या. त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "दुकान बघ." बाबा गेल्यापासून तो जुडगा माझ्या कमरेवरून उतरला नव्हता.

भावजयीच्या ऑफिसात पोचले तेव्हा तीन वाजले होते. ती टेबलाशी डोळे पुसून फायली लावत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हटलं, "दारू मी आणली. तो प्यायला नाही. मी चुकले." तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, सहा वर्षं तुम्ही मला खोटं सांगितलंत आणि मी ते खरं धरून बसले. आज पहिल्यांदा खरं सांगताय असं वाटलं, तर तेच खोटं निघालं." 

"पत्र दिलंस?" मी विचारलं.

"साहेबांना दिलं. त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि गेले. सोमवारी येतील."

मी ड्रॉवरकडे बघितलं. साधं कुलूप. केसांतल्या पिनेनेसुद्धा उघडलं असतं. माझा हात केसांकडे गेला.

"ताई!" भावजय म्हणाली. "नको. मी सोमवारी मागून घेईन."

मागून घेईन. हे मला सुचलंच नसतं.


रविवार, ७ एप्रिल

बैठकीत उभी राहून सांगितलं सगळ्यांना. ड्रायव्हरची बायको हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मग उठून मला मिठी मारली. बाईंनी तो अर्ज परत दिला आणि म्हणाल्या, "फाडू नका. रविवारी यायचं तेवढं सोडू नका." बाटलीचं काय केलं विचारलं, तर म्हणाल्या, "झाडाला घातली. झाड बरं आहे."

धाकटा माझ्याशी फार बोलत नाही अजून. चहा मात्र करतो. आज मी विचारलं त्याला, बाईंनी महिन्यापूर्वी सांगितलेलं. "तुला माझ्याकडून काय हवंय?" त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "मला ताप आणू नकोस."


बुधवार, १० एप्रिल

भावजयीला पत्र परत मिळालं सोमवारी. साहेब कुरकुरले म्हणे, पण दिलं. १५ला काय ते नक्की कळवेन म्हणाली. तिने अजून हो किंवा नाही काही ठरवलेलं नाही. मीही फोन करून गळ घातलेली नाही. तीनदा हात फोनकडे गेला होता.

आज सात कुलुपं काढली. धाकट्याला म्हटलं, तू काढ. चौदा मिनिटं म्हणाला होता, अकरात काढली. बाहेरच्या दाराला मात्र साधं एक ठेवलं, चोरांसाठी. खणाचंही काढलं. ही वही आता टेबलावरच असते.

दुपारी ते बॅगवाले गृहस्थ आले. धाकटा आत जेवत होता. "काय, ताप उतरला का भावाचा?" विचारलं त्यांनी. उत्तर जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, "त्याला ताप नव्हता. तो दारू सोडतोय." गृहस्थ म्हणाले, "अस्सं," आणि थोडं थांबून, "माझा मेहुणा होता तसा. मग किल्ली मिळेल ना?"

एवढंच. सहा वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं.


सोमवार, १५ एप्रिल

भावजय सकाळीच आली. चिमणी बरोबर. ऑफिसला अकराच्या आत उत्तर द्यायचं होतं. धाकटा काउंटरमागे किल्ली घासत होता, तिला बघून उभा राहिला.  चिमणी "आत्या!" करून येऊन बिलगली.

भावजय त्याच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही सांगा. राहील का हा नीट?"

माझ्याकडे उत्तरं रांगेने तयार होती. राहील गं. मी आहे ना. माझ्यावर सोड. शाळेतलं ते कपाट, तो हात, तिजोरीसमोरचे ते दिवस, सगळं सांगायचं होतं मला. जीभ चावली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्याला विचार."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने कानस खाली ठेवली, हात पुसले.

"आज घेतलेली नाही," म्हणाला.

"आणि उद्या?"

"उद्या संध्याकाळी विचार."

ती उभीच राहिली. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मी जन्मात इतका वेळ गप्प बसले नव्हते. मग तिने पर्समधून कागद काढला, काउंटरवर पसरला आणि त्याला म्हणाली, "पेन दे." उभ्यानेच दोन ओळी लिहून बदलीला नकार दिला. सही करताना तिचा हात थरथरत होता. त्याचा नाही.

ऑफिसला गेली, संध्याकाळी दोन बॅगा घेऊन आली. आत्ता वर सामान लावतेय. चिमणी मागच्या खोलीत बाबांच्या तिजोरीसमोर गुडघ्यावर बसलीय, बाप तिला तार कशी धरायची ते शिकवतोय. आत काही नाही हे सांगितलं तिला, तरी तिला उघडायचीच आहे.

मघाशी धाकटा पाणी प्यायला बाहेर आला. मी वही लिहीत होते. म्हणाला, "काय ताई, आज कुणाला माझा ताप सांगितलास का?"

"आज नाही," मी म्हटलं.

"आणि उद्या?"

"उद्या संध्याकाळी विचार."